वजा केलेली भीती

अडेलाने पिठाची रिकामी गोणी टेबलावर उपडी केली, तशी तिच्यातून अकरा कडी बाहेर पडली. राखाडी रबराची, मनगटात घालायची, आतल्या अंगाला रुपयाएवढी चकती बसवलेली. त्यातलं एक घरंगळत गेलं आणि इन्स्पेक्टर तृप्ती हिवराळेच्या चहाच्या कपाला टेकून थांबलं.

“आमच्या वस्तीला यांची आवश्यकता उरलेली नाही, अधिकारी,” अडेला म्हणाली.

खरं तर ती तिच्या भाषेत दोन-तीन शब्दच बोलली होती. पण तृप्तीच्या कानात बसवलेला यांत्रिक दुभाषा तिथल्या कुणाचंही बोलणं बातम्या वाचल्यासारख्या शुद्ध मराठीत करून द्यायचा. गेलं दीड वर्ष कुम्बेरा देशातल्या भाजीवाल्या, मेंढपाळ, चोर, झाडून सगळी माणसं तृप्तीशी अशी व्याकरण सांभाळून बोलत होती. रिसोडसारख्या गावात वाढलेल्या तृप्तीला सुरुवातीला याचं हसू यायचं, मग सवय झाली.

आज तिला खटकला तो ‘अधिकारी’ हा शब्द. अडेला तिला ‘ताई’ म्हणायची. शांतिदलात आलेल्या तृप्तीच्या तुकडीतल्या पोरींनीच वस्तीतल्या बायकांना तो शब्द शिकवला होता, आणि दुभाषा तो जसाच्या तसा पोचवायचा.

कडी टोचतात का, खाज सुटते का, घरातले पुरुष काही बोलले का, असं तृप्तीने एकामागून एक विचारलं. अडेला साठीची सुईण होती, अर्ध्या वस्तीची नाळ तिने कापलेली. एरवी आल्या आल्या खुर्ची ओढून बसणारी ती बाई आज दोनदा सांगूनही बसली नाही.

“जे तोंडाने सांगण्याचं धाडस होत नाही ते हात सांगेल, असं तुम्हीच म्हणाला होतात,” ती म्हणाली. “आमच्या हातांनी सांगितलं. वर्षभर सांगितलं. कोणीही आलं नाही.”

तृप्तीने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवलं. वर्षभर तुमची वस्ती हिरवीगार आहे, तांबडा ठिपका म्हणून नाही, हे तिने जरा ठसक्यातच सांगितलं. अडेलाने नकाशाकडे पाहिलंही नाही. दर मंगळवारी पाण्याची गाडी येते तेव्हाचं बघा, एवढं बोलून तिने रिकाम्या गोणीची नीट घडी केली, काखेत मारली आणि ती निघून गेली.

तृप्तीला आधी राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा करावा, त्यांनीच असं तोंडावर फेकून जावं, असं तिला वाटलं. तिने कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

या कड्यांची हकिगत अशी. जगभरच्या शांतिदलांपुढे त्या काळात एकच रडगाणं होतं: युद्ध संपलेल्या मुलखात बायकांवर अत्याचार होतात, पण तक्रार येत नाही. तक्रार द्यायची तर बोलावं लागतं, आणि बोललेली बाई दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने सरपणाला जायची असते. डॉ. मिरेला नावाच्या एका वयस्कर शरीरशास्त्रज्ञ बाईने यावर वेगळा विचार केला. तिचं म्हणणं, भीती मनात असते असं आपण समजतो, पण मनाच्याही आधी ती मनगटात असते.

माणूस घाबरला की शरीर कातडीकडचं रक्त आत ओढून घेतं, म्हणून हात गार पडतात. घामाचा एक बारीक थर येतो आणि कातडीतून वीज जरा सहज वाहू लागते. एरवी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं मागेपुढे होत असतं. भीतीत ते कवायत केल्यासारखं एकसारखं होतं. आणि भीती टिकली, तर काही मिनिटांनी रक्तात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य चढतं आणि तासन्‌तास उतरत नाही. कड्यातल्या चकतीला केसाहून बारीक सुया होत्या, त्या कातडीखालच्या पाण्यात हे द्रव्य शोधत. पाण्याचं भांडं डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या बाईचंही काळीज धडधडतंच, पण तिचं मनगट तापतं. भ्यालेल्या बाईचं गार पडतं. हा फरक यंत्राला पक्का शिकवला होता. सगळ्याचा मिळून शून्य ते शंभर असा एक अंक निघायचा. पन्नास मीटरच्या आत तीन कड्यांचा अंक चढला की नकाशावर तांबडा ठिपका उमटे आणि जवळची गस्त तिकडे धावे. कुठल्या बाईचं कडं, ते नकाशा सांगत नसे. बाईने तोंड उघडायची गरज नव्हती, बटण दाबायचीही नव्हती.

पहिल्या तीन महिन्यांत जंगलाच्या वाटेवर दबा धरून बसणाऱ्या टोळ्या दोनदा हाती लागल्या. सगळे खूश झाले. मग एक विचित्र अडचण उभी राहिली. तांबडे ठिपके शांतिदलाच्याच गाड्यांभोवती उमटू लागले. गस्त धापा टाकत पोचायची आणि समोर बघते तर आपलीच माणसं. पुरवठा विभागाचे प्रमुख कर्नल ओर्लान यांनी बैठकीत हसत हसत तक्रार केली, की माझ्या पाण्याच्या टँकरला रोज वेढा पडतो, मी काय पाणी पळवतोय का? सगळे हसले. डॉ. मिरेला मात्र अडचणीत पडली. तिला भीतीचं रसायन माहीत होतं. कुठली भीती मोजायची आणि कुठली सोडून द्यायची, हे कुणी सांगावं?

ते तृप्तीने सांगितलं. बावीस वर्षं पोलिसात काढलेलीच ते सांगू शकत होती. चौकीची पायरी चढताना हात गार न पडलेली बाई मी अजून पाहिली नाही, ती म्हणाली. मारहाणीची तक्रार द्यायला आलेलीचे पडतात, हरवलेली शेळी शोधायला आलेलीचेही पडतात. ही वर्दीची भीती. तिला काही अर्थ नसतो. दुकानदार तेल मापताना आधी रिकाम्या बरणीचं वजन वजा करतो, तशी ही वजा करून टाका, मग खरी भीती उरेल.

नक्की ना, असं डॉ. मिरेलाने एकदाच विचारलं होतं. तृप्तीने नक्की म्हणून सांगितलं आणि कागदावर सही केली. शांतिदलाच्या कुठल्याही गाडीपासून किंवा वर्दीपासून साठ मीटरच्या आत जी भीती चढेल ती धरायची नाही, असा नियम झाला. खोट्या धावपळी बंद झाल्या. नियमाला लोक ‘हिवराळे शून्य’ म्हणू लागले. तृप्तीला प्रशस्तिपत्र मिळालं, पुण्यात शिकणाऱ्या लेकीने ते वर्गात दाखवलं. दुसऱ्याच दिवशी कर्नल ओर्लाननी आल्याच्या चहाचं एक खोकं तिच्या खोलीवर पाठवलं. त्या मुलखात तो चहा त्यांनी कुठून पैदा केला, देव जाणे. वर्षभर ती तोच पीत होती.

आता तर येत्या शुक्रवारी तिच्या नियमाचं सोनं व्हायचं होतं. आणखी नऊ देशांत कडी जाणार होती आणि वजाबाकी यापुढे कड्यातच होणार होती. म्हणजे वर्दीजवळची भीती मनगटावरच पुसली जाणार, तिची नोंद कुठेच होणार नाही. त्यासाठी तृप्तीची एक सही तेवढी बाकी होती.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने मूळ नोंदी उघडल्या. वजाबाकीच्या आधीचे आकडे अजून तरी ठेवलेले होते, फक्त ते कुणी बघत नसे. तिने आपला नियम बंद केला आणि मंगळवार लावले.

अडेलाची वस्ती तांबडी झाली. एक मंगळवार नाही, सगळे मंगळवार.

हीच ती वर्दीची भीती, असं तिने स्वतःला समजावलं. खात्रीसाठी तिने गस्तीच्या आणि दवाखान्याच्या गाड्या लावून पाहिल्या. तिथेही अंक चढत होता, पण ओळखीचे चेहरे गाडीतून उतरले की पाच मिनिटांत उतरतही होता. कॉर्टिसॉल चढायला वेळच मिळत नव्हता. टँकरसोबत जाणाऱ्या सात नंबरच्या गाडीभोवती मात्र वेगळंच चित्र होतं. टँकर निघायच्याही आधी, सकाळपासून वस्तीतले अंक चढायला लागायचे, पण तांबडा ठिपका उमटण्याच्या जरा खालीच राहायचे. मग गाडी थांबली की एका वेळी एकच कडं गाडीच्या जागी यायचं, दहा-पंधरा मिनिटं अगदी टोकाला जायचं, आणि ते बाजूला झालं की दुसरं. रांग लावल्यासारखं. आणि ती कडी पुढे दोन-दोन दिवस पुरती खाली यायची नाहीत, ठिपक्याच्या जरा खालीच रेंगाळायची.

तृप्तीने आयुष्यात असल्या कितीतरी प्रकरणांचा तपास केला होता. हे काय आहे ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सात नंबरच्या गाडीत बसून पाण्याच्या कार्डांवर शिक्के मारायचं काम कर्नल ओर्लान हौसेने स्वतः करतात, हेही सगळ्या छावणीला ठाऊक होतं. किती साधा अधिकारी, असं तृप्तीच एकदा म्हणाली होती.

तिचे हात गार पडले. कडं तिच्याही मनगटात होतं, शांतिदलातल्या सगळ्याच बायका ते घालत. तिचा स्वतःचा अंक एकाहत्तर होता.

त्या नोंदीत शांतिदलातलंही एक कडं होतं. दर मंगळवारी गाडीच्या दारापासून दोन हातांवर, एकाच जागी खिळलेलं, आणि वस्तीतल्या बायकांच्या कड्यांइतकंच चढलेलं. शांतिदलाच्या कड्यांना नंबर असत; कुठला नंबर कुणाचा ते नोंदवहीत पाहायची गरज नव्हती, पण तिने पाहिलं. शिपाई सानिका गेडाम, राजुरा, जिल्हा चंद्रपूर.

सानिका मार्च महिन्यात तिच्याकडे आली होती. दारातच उभं राहून म्हणाली होती, “मॅडम, मले टँकरची ड्युटी नको जी. दुसरी कुठलीबी द्या.” का, म्हटल्यावर बुटांकडे बघत राहिली. प्रत्येक ताफ्यासोबत एक तरी महिला शिपाई हवी असा दंडक होता, आणि तृप्तीच्या तुकडीचा आकडा शंभर टक्के होता. तो फळ्यावर लिहिलेला असे. तृप्ती तिला म्हणाली होती, की कणखर हो पोरी, आम्ही काय कमी सोसलं? घाबरून बसायचं होतं तर एवढी साता समुद्रापार कशाला आलीस? सानिका सॅल्यूट ठोकून गेली होती. आपण पोरीला चांगला धीर दिला, असं तृप्तीला तेव्हा वाटलं होतं. आता ते आठवून तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की रिकाम्या खोलीतही तिने मान वर केली नाही.

सानिका कोठीमागच्या शेडमध्ये बंदूक पुसत बसली होती. तृप्ती समोरच्या खोक्यावर बसली. काय पाहिलं ते तिने सांगितलं. सानिकाचा हात थांबला नाही.

नळीत चिंधी सरकवत सानिका बोलू लागली. कार्डावर शिक्का मारायचा म्हणून साहेब एकेकीला गाडीत बोलवायचे. आत गेली नाही तर तिच्या घराला पाणी नाही. सानिकाला बाहेर उभं करायचे, दाराकडे पाठ करून.

“तुला कशाला उभं करायचे?” तृप्तीने विचारलं.

“बाई पोलीस उभी हाय म्हटलं की त्या भेत नव्हत्या ना, मॅडम. पहिले पहिले. माह्या तोंडाकडे पाहून चढत होत्या गाडीत.”

तृप्तीला पुढचं ऐकवेना. बायका शांतिदलात याव्यात, बायकांना पाहून बायकांना विश्वास वाटेल, हे तिने किती भाषणांत सांगितलं असेल. तो विश्वास खराच निघाला होता, आणि त्याचाच सापळा झाला होता. दार ओढून घेताना त्या माणसाने या पोरीला कडी-कोयंड्यासारखं वापरलं होतं.

तू मला का नाही, असं म्हणायला तृप्तीने तोंड उघडलं आणि अर्ध्यावर मिटलं.

“सांगाले आलीच होती मी,” सानिका म्हणाली.

तृप्ती म्हणाली, “माफ कर, सानिका.”

सानिकाने बंदुकीची नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली. “मले नका म्हणू. वस्तीत जा.”

शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलशील का, असं तृप्तीने निघताना विचारलं. तुम्ही आधी तुमचं शून्य काढा, मग पाहू, असं उत्तर मिळालं.

गुरुवार तृप्तीने कसा काढला ते तिने पुढे कुणाला सांगितलं नाही, पण आपण सांगायला हवं. तिने एक पत्र लिहिलं. तांत्रिक कारणास्तव नियमाचा फेरविचार व्हावा, नोंदींत काही विसंगती आढळल्या आहेत, वगैरे. पत्र उत्तम होतं. सही टळली असती, शून्य चार महिने लांबणीवर पडलं असतं, कुणाकडे बोट दाखवावं लागलं नसतं आणि तिचं प्रशस्तिपत्रही भिंतीवर राहिलं असतं. तिने ते दोनदा वाचलं. प्रकरण कसं दाबायचं याची भाषा तिला बावीस वर्षांत इतकी अंगवळणी पडली होती, की आपण काय लिहितोय हे तिला दुसऱ्या वाचनात कळलं. मग तिने ते फाडलं.

शुक्रवारी मुख्यालयातल्या सभागृहात चाळीसेक माणसं होती. त्यांत नऊ बायका: कागदपत्रांचं भाषांतर करणाऱ्या दोन दुभाष्या, एक कारकून, दोन डॉक्टर, मिरेला, दारावर पहाऱ्याला सानिका आणि तिची जोडीदारीण, आणि तृप्ती. कर्नल ओर्लान पहिल्या रांगेत होते. तृप्ती आत येताना त्यांनी अर्धवट उठून हसून मान लववली.

तृप्ती पुढे गेली आणि तिने सरळ सांगितलं. हा नियम माझा आहे. तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्यामुळे एका माणसाला वर्षभर लपायला जागा मिळाली. ती जागा मी करून दिली. मग तिने वजाबाकी बंद केली आणि पडद्यावर एकामागून एक मंगळवार दाखवले. सात नंबरची गाडी आणि तिच्यात कोण बसतं तेही सांगितलं. शेवटी तिने पडद्यावर आजचा, या क्षणाचा नकाशा आणून ठेवला आणि ती बाजूला झाली.

कर्नल ओर्लान शांतपणे उठले. ते चिडले नाहीत, हेच वाईट होतं. पडद्याकडे पाठ करून, सगळ्यांना दिसेल असं पुढे येऊन उभे राहिले. भीती म्हणजे पुरावा नव्हे, ते म्हणाले. आपल्या इन्स्पेक्टरबाईंनीच वर्षापूर्वी आपल्याला हे शिकवलं, की बाया वर्दीला भितातच आणि त्याला काही अर्थ नसतो. आज त्या थकलेल्या दिसतात. कुठल्याही स्त्रीने माझ्याविरुद्ध एक अक्षर उच्चारलं आहे का? असेल तर तिने बोलावं.

असं म्हणून त्यांनी सभागृहावरून सावकाश नजर फिरवली.

त्यांच्यामागे पडद्यावर मुख्यालयाच्या इमारतीवर एक तांबडा ठिपका उमटला.

ते बोलत राहिले. माणसं आपल्याकडे न पाहता आपल्या खांद्यावरून मागे का पाहताहेत, ते त्यांना कळेना. ठिपका मोठा झाला, गडद झाला. तिसऱ्या रांगेतल्या दुभाषीने बाही ओढून मनगट झाकलं. कारकून बाईने हात टेबलाखाली घेतला. दोघी डॉक्टर एकमेकींकडे न बघता समोर बघत बसल्या होत्या. या बायकांतल्या कुणाकुणाबरोबर काय झालं होतं, की काहीच नव्हतं झालं आणि त्यांना फक्त या माणसाची नजर ठाऊक होती, हे नकाशा सांगत नव्हता. वर्षभर तृप्ती यांच्यासोबत जेवली होती. इथे सगळीकडेच वर्दी असल्यामुळे ही अख्खी इमारत वर्षभर वजा होती, हे तिच्या आता लक्षात आलं.

डॉ. मिरेलाने चष्मा काढून मांडीवर ठेवला. ‘नक्की ना’ हे आपण पुन्हा एकदा विचारायला हवं होतं, असं तिला उमगलं असावं.

मग दारापाशी बुटांचा आवाज झाला. सानिका दोन पावलं पुढे आली होती. तिने आपलं मनगट लपवलं नव्हतं.

“मी गाडीच्या भाईर उभी राहत होती,” ती म्हणाली. “दर मंगळवारी. मले पाठ करून उभं करत होते. मागं काय होते ते मले मालूम होतं, तरी मी वळली नाही. आज मी तोंड करून उभी हाय. काय इचारायचं ते इचारा.”

चाळीस माणसांच्या कानांत ते वाक्य ज्याच्या त्याच्या भाषेत, स्वच्छ आणि शुद्ध होऊन गेलं. फक्त तृप्तीला ते जसं होतं तसं ऐकू आलं.

पुढचं सगळं कागदावर आहे. कर्नल ओर्लानना त्याच दुपारी पदावरून दूर केलं आणि चौकशी बसली. पाण्याची कार्डं बंद होऊन टँकर सगळ्यांना सारखाच खुला झाला. सानिकानंतर दुभाषी बोलली, तिच्यानंतर वस्तीतल्या दोघी. चौकशीच्या कागदात पहिलाच जबाब तृप्तीचा होता आणि त्यातलं पहिलंच वाक्य होतं, की नियम माझा. तिला मायदेशी परत पाठवायचा हुकूम पंधरा दिवसांत निघाला. तो अन्याय आहे असं दोन-तीन जण म्हणाले. तृप्तीला तसं वाटलं नाही. चहाचं खोकं तिने चौकशीवाल्यांना देऊ केलं, त्यांनी ते नको म्हणून परत दिलं. फेकून द्यायला गेली तर हात धजेना, आणि ठेवावं तर डोळ्यांसमोर नको. शेवटी ते पलंगाखाली सरकवून ती बसून राहिली.

वस्तीत जायचं राहिलं होतं.

कडी तिने जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबरोबर पाठवली. आता कुणाचीच भीती वजा होत नाही, वाटलं तर घाला, नाही तर नको, असा निरोप दिला. अकरापैकी सात जणींनी घातली. का घातली ते नर्सला विचारायचा धीर तृप्तीला झाला नाही. डॉ. मिरेलाने तिला हातात धरायचं नकाशाचं छोटं यंत्र दिलं, त्यावर जवळचं प्रत्येक कडं वेगळा ठिपका होऊन दिसायचं.

साध्या कपड्यांत जावं, असं आधी तिच्या मनात आलं. पण मग वर्दीची भीती आता उरली आहे का, ही तपासणी खोटी झाली असती. ती वर्दी घालूनच निघाली. गाडी ओढ्यापाशी सोडून पुढे एकटी चालत गेली.

वस्तीच्या तोंडाशी आंब्याचं जुनं झाड आहे, त्याखाली बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. यंत्रावर सात ठिपके दिसत होते, हिरवे. दुभाषा कानात होता. काय बोलायचं ते तिने वाटेत तीनदा घोकलं होतं.

ती जवळ जाऊ लागली, तसा एक ठिपका पिवळा झाला. मग आणखी दोन. झाडाखाली कुणीतरी वर पाहिलं असावं. तिने आणखी दहा पावलं टाकली आणि एक ठिपका तांबडा झाला, मग तीन, मग पाच, आणि त्यांचा मिळून तो मोठा डाग उमटला, ज्याच्याकडे गस्तीने धावत सुटायचं असतं. तिने आजूबाजूला पाहिलं. गाडी नव्हती, कर्नल नव्हता, टँकर नव्हता. या माळावर भ्यायला दुसरं काही नव्हतंच. ती एकटीच होती.

वर्दीची भीती, तिला काही अर्थ नसतो. तिच्या मनाने सवयीने हे म्हटलं, आणि आपण काय म्हटलं ते तिला ऐकू आलं.

ती एक पाऊल मागे सरली. यंत्राकडे पाहिलं. आणखी एक पाऊल मागे. पाठ न फिरवता, ओढ्याच्या दिशेने ती एकेक पाऊल मागे जात राहिली आणि ठिपके पिवळे होईपर्यंत थांबली नाही. मग हिरवे होईपर्यंत. वर्षापूर्वी कागदावर तिने साठ मीटर लिहिले होते, ते कुणाला न विचारता, साठ हा आकडा बरा वाटला म्हणून. खरं अंतर तिच्या अंदाजाने झाडापासून एकशे चाळीस पावलं भरलं.

तिथे सावली नव्हती. ती मुरमावर खाली बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली. झाडाखाली अडेला उठून उभी राहिली, कपाळावर आडवा हात धरून तिने बराच वेळ इकडे पाहिलं. माफीचे शब्द तृप्तीच्या ओठांवर होते, पण इतक्या लांबून ते पोचण्यासारखे नव्हते आणि ओरडून सांगण्यासारखे तर मुळीच नव्हते. थोड्या वेळाने अडेला परत खाली बसली आणि तिने शेंगा पुढ्यात ओढल्या.

तृप्ती उन्हात बसून राहिली. आपल्याला पाहून कोण किती अंतरापर्यंत भितं, हे तिने बावीस वर्षांत पहिल्यांदा मोजलं होतं. सातही ठिपके हिरवे होते, आणि ते तसेच राहावेत म्हणून तिला एवढंच करता येत होतं, की बोलावणं येईपर्यंत पुढे जायचं नाही. संध्याकाळपर्यंत बोलावणं आलं नाही, आणि ती उठून पुढे गेली नाही.